जॉन राजाचे थडगे, कबर की समाधी?

प्रश्न असा आहे: इंग्लंडचा राजा जॉन वूस्टर कॅथीड्रलमध्ये जिथे पुरला आहे, त्या 'टूम'ला (tomb) मराठीत काय म्हणावे? आणि वरच्या दगडी आकृतीला?

थडगे म्हणावे. क्रियापद लावून पाहा: कबर खोदतात, थडगे बांधतात. कबर म्हणताना डोळ्यांपुढे आधी मातीतला खड्डा येतो. खुलदाबादची औरंगजेबाची ती कबरच. समाधीला शव पुरलेले असावेच लागते असे नाही, दहनाच्या जागीही ती बांधतात. शिवाय तिला पावित्र्याचा वास आहे. राजाच्या सत्तेला आवर घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेला मोहोर लावून काही आठवड्यांत ती रद्द करवून घेणाऱ्या जॉनला ती जरा जास्तच होते. 'राजा तिथे समाधिस्थ आहे' असे तर लिहूच नये. तो ध्यानाला बसल्यासारखा वाटतो.

खरा घोळ पुढे आहे. या थडग्यात तीन वस्तू आहेत: आत दगडी शवपेटी, तिच्याभोवती १५२९ सालचा नक्षीदार चौथरा, आणि वर साधारण १२३२ सालचा, पर्बेक संगमरवरात कोरलेला आडवा पुतळा. म्हणजे पुतळा चौथऱ्यापेक्षा तीनशे वर्षांनी जुना. चौथऱ्यालाच शवपेटी म्हटले की सगळे बिघडते. हे नुसते स्मारक आहे, शव दुसरीकडेच असावे, असा समज तिथेही होता. १७९७ साली चौथरा उघडला तेव्हा आत शवपेटी आणि सांगाडा मिळाला, उंची पाच फूट साडेसहा इंच. तेव्हा चौथरा उघडला, शवपेटी सापडली, असे वेगवेगळे लिहावे.

आकृतीला 'मूर्ती' म्हटले की पूजा आठवते, नुसते 'पुतळा' म्हटले की चौकातला उभा. म्हणून पहिल्यांदा 'आडवा पुतळा', मग नुसते 'पुतळा'. 'शयनप्रतिमा' कागदावर छान दिसते, बोलताना कुणी वापरणार नाही. पुतळ्याच्या डोक्याशी दोन छोटे बिशप आहेत आणि पायाशी सिंह, तोंडात राजाच्या तलवारीचे टोक धरलेला.

'दफन' लिहितानाही जपून. जॉन १२१६ साली न्यूअर्कला वारला. त्याची आतडी क्रॉक्स्टनच्या मठात गेली, देह वूस्टरला. म्हणून 'देहाचे दफन वूस्टरला झाले' हे नेमके. 'पुरला' चालेल. 'गाडला' मात्र जॉनवर राग असेल तरच.