आराखडा अजून पेन्सिलीत आहे का?

प्रश्न : एका जुन्या, दुर्लक्षित वस्तीच्या सुधारणेचं काम आमच्या पथकाकडे आहे. दोन सभा बोलावल्या, दोन्हींना मोजकीच माणसं आली. वरिष्ठ म्हणतात, लोकांना रस नाही, पुढे चला. काय करू?

उत्तर : पुढे जाऊ नका. ‘लोकांना रस नाही’ हे वाक्य नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एका सभेच्या अहवालात लिहिलं होतं. त्याच सभेनंतर खुर्च्या उचलताना एका आजींनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, “बाळा, हे शाईनं काढलंय की पेन्सिलीनं?” आराखडा मंजुरीला जाऊन आठवडा झाला होता. मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या दाराच्या चौकटीवर तीन रंगांत तीन सर्वेक्षणांचे क्रमांक होते. तीनदा माहिती देऊन झाल्यावर चौथ्यांदा त्यांनी का यावं?

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली; वर जावं तसा निर्णयातला लोकांचा अधिकार वाढतो. त्यात माहिती देणं ही तिसरी आणि मत विचारणं ही चौथी पायरी. आपल्या बहुतेक सभा तिथेच संपतात. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या डडली स्ट्रीट भागात १९८५ मध्ये वस्ती सुधारणेसाठीच्या २३ जणांच्या नियोजित मंडळात रहिवाशांसाठी जेमतेम ४ जागा होत्या. लोकांनी भर सभेत जाब विचारला, तेव्हा मंडळाची रचना बदलून रहिवाशांचं बहुमत केलं गेलं. पुढे १९८८ मध्ये पडीक खासगी भूखंड सक्तीनं संपादित करण्याचा अधिकारही शहरानं या रहिवाशांच्या संस्थेला दिला. रस होताच, हातात काही आल्यावर तो दिसला.

तुम्ही सभागृहातून बाहेर पडा. बायकांबरोबर, कामावरून परतणाऱ्यांबरोबर गल्ल्या फिरा. आमच्या नकाशात गटाराचा उतार पश्चिमेला होता; भिंतींवर गुडघाभर उंचीचे पाण्याचे डाग मात्र पूर्वेकडच्या घरांवर. ते आम्हाला एका शाळकरी मुलीनं दाखवले. गटाराची दिशा त्यानंतर बदलली, आणि ती बदलल्याचं आम्ही दारोदार जाऊन सांगितलं. पुढच्या सभेला बसायला जागा नव्हती.

भाडेकरूंना विसरू नका. वस्ती सुधारली की भाडं वाढतं आणि सगळ्यात आधी तेच उठतात, पण सर्वेक्षणाच्या यादीत नावं बहुतेकदा घरमालकांचीच असतात.

तिसरी सभा ठरवण्याआधी वरिष्ठांकडून एक गोष्ट लेखी घ्या: आराखड्यातलं नेमकं काय अजून बदलू शकतं. ती यादी फळ्यावर लिहा. यादी कोरी निघाली, तर सभा बोलावू नका. आधी आराखडा मागे घ्यायला लावा.