ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुत्र्यांना घेऊन पुण्याबाहेर: आधी गवत बघा, मग ठिकाण ठरवा

तुमचा प्रश्न वाचला. दोघंही नोकरीवाले, नुकतेच पुण्यात आलात, एक लॅब (लॅब्रॅडोर) आणि एक इंडी (देशी कुत्री), पावसाळाभर फ्लॅटमध्ये बसून दोघं कंटाळलेत आणि आता ऊन पडलंय तर शनिवार-रविवारी कुठे न्यावं याची लिस्ट हवीये. जागा सांगतेच, पण आमच्याकडेही दोन कुत्री आहेत आणि आम्ही दोघं इतकी वर्षं याच भागात हिंडतोय, त्यावरून सांगते की या दोन महिन्यांत जागेच्या आधी गवताची अवस्था बघायची, मग घड्याळ, आणि मग गुगल मॅप.

गवत म्हणजे कुसळी. सप्टेंबरात टेकड्या हिरव्यागार दिसतात, फोटो मस्त येतात, पण ऑक्टोबरच्या मध्यापासून तेच गवत वाळायला लागतं आणि त्याची कुसळं सुटी होतात. सासवडकडचे माळ, दिवे घाट, अगदी शहरातल्या टेकड्यासुद्धा. आपल्या पँटला आणि सॉक्सला चिकटतात तेव्हा आपण वैतागून काढून टाकतो, कुत्र्याच्या बाबतीत मात्र ते टोक केसांतून कातडीत शिरतं आणि उलटं येत नाही, पुढे पुढेच सरकत जातं. पंजाच्या बोटांमधे आणि कानात सगळ्यात जास्त. फिरून आल्यावर कुत्रा एकदम डोकं झटकायला लागला, मान एका बाजूला कलती धरली किंवा एकच पंजा सारखा चाटत बसला तर रात्रभर वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या, कानात आत गेलेलं कुसळ घरी चिमट्याने काढायला जाऊ नका. लांब केसांच्या कुत्र्यांना तर या दिवसात मी माळावर नेऊच नका म्हणेन, लॅबलाही बोटांमधले केस जरा कापून घ्या. गवत कापून झालं की, किंवा डिसेंबर-जानेवारीत कुसळं गळून गेल्यावर, त्याच टेकड्या सुंदर असतात.

मग आत्ता कुठे? भातखाचरं. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरात भात कापतात, आणि कापणी झालेल्या खाचरांमधे कुत्र्यांना पळायला जी जागा मिळते ती पुण्यातल्या कुठल्याच पार्कात नाही. मालकाला विचारून जा हे वेगळं सांगायला नको, बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात आणि वर चहाही देतात, पण उभ्या पिकाच्या बांधावरून कुत्रं मोकळं सोडायचं नाही, आणि काही ठिकाणी भातामागे लगेच हरभरा पेरतात तेही बघायचं. भोरला भाटघरच्या बॅकवॉटरच्या कडेने चांगल्या जागा आहेत, पानशेत-वरसगावकडेही. लॅब पाणी बघून थांबणार नाही, त्यामुळे लांब दोरी आणि लाइफ जॅकेट दोन्ही न्या, कारण धरणाचं पाणी या दिवसात काठोकाठ असतं आणि खाली बुडालेले बांध, चिखल, एकदम खोल होणारा उतार वरून दिसत नाही. कालव्यात तर अजिबात उतरवू नका, ओढ असते आणि काँक्रीटच्या काठावर कुत्र्याला चढता येत नाही. आणि पावसाळ्यानंतरचं साचलेलं पाणी प्यायला देऊ नका, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची) दरवर्षीची लस झालीये का ते निघायच्या आधी तपासा.

वेळ म्हणाल तर घरातून साडेपाचला निघा, दहाला सावलीत. ऑक्टोबर हीट लोक हलक्यात घेतात. रस्त्यावर हाताचा उलटा पंजा सात सेकंद ठेवता आला नाही तर कुत्र्याचे तळवेही भाजणार. आणि "पाच मिनिटांत मिसळ खाऊन येतो" म्हणून काचा किंचित उघड्या ठेवून त्यांना गाडीत बंद करायचं नाही, या उन्हात गाडी फार पटकन तापते. आम्ही आळीपाळीने खातो, एक जण कुत्र्यांपाशी, मग दुसरा. सुरुवातीला नवऱ्याला वाटायचं की असं वेगवेगळं खाऊन कसली आउटिंग, आता आम्ही डबा नेतो आणि झाडाखाली चौघं एकत्र बसतो, आणि खरं सांगते, आठवड्यात आम्हा दोघांना फोन बाजूला ठेवून बोलायला मिळणारा तोच एक निवांत वेळ असतो.

आता जिथे नेऊ नये त्या जागा, कारण यात कुत्र्यांचा आणि इतरांचाही जीव आहे. भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना ही अभयारण्यं, तिथे पाळीव कुत्रा नाही न्यायचा. कास पठारही नको, त्या फुलांवर माणसांच्या पायांचाच भार पुरेसा आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत उसात बिबटे राहतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आसरा हलतो. कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे, त्यामुळे तिकडच्या फार्महाउसवर राहणार असाल तर अंधार पडल्यावर शू-शीला सुद्धा लीशवर, दोघांनी मिळून, टॉर्च घेऊन, आणि रात्री कुत्री खोलीच्या आत.

सासवड, बारामती, इंदापूरकडच्या माळरानांवर लांडगे आहेत, हे नव्या लोकांना माहीत नसतं. 2023 मध्ये पुण्याच्या आसपासच्या लांडग्यांमध्ये कुत्र्यांशी संकर झाल्याचा जनुकीय पुरावा प्रसिद्ध झालाय, शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार लांडग्यांना मारतो. म्हणून तिकडे लस पूर्ण, नसबंदी झालेली आणि लीश हातात, नाहीतर नकोच. दिवाळीच्या आगेमागे धनगरांचे वाडे (तांडे) मेंढरं घेऊन कोकणाकडे निघालेले असतात, रस्त्यात भेटले तर गाडी बाजूला लावून कळप पुढे जाऊ द्या, त्यांची कुत्री राखणीची असतात आणि तुमची इंडी कितीही गोड असली तरी त्यांच्यासाठी ती परकीच.

बीचबद्दल विचारलंय. दिवेआगर, काशीद सकाळी लवकर ठीक, खारं पाणी प्यायले तर उलट्या-जुलाब होतात म्हणून गोडं पाणी भरपूर न्या. वेळास, आंजर्ले या बाजूला नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, कुत्री ती घरटी उकरतात, तर तिथे रात्री-पहाटे किनाऱ्यावर नेऊ नका.

सोमवार ते शुक्रवार मात्र नीट चालला पाहिजे, नाहीतर रविवारी दम लागतो, माणसालाही आणि कुत्र्यालाही. सकाळी साडेसहाच्या आत एक मोठा वॉक, रात्री आठनंतर दुसरा, जेवण वॉकनंतर थोडं थांबून. दोघांनी वाटून घ्या, आमच्याकडे सकाळ त्याची आणि रात्र माझी. आणि रात्रीचं काम म्हणजे गोचीड तपासणं: कानांच्या आत, बोटांमधे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली. पाऊस संपल्यावर हे फार वाढतं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, आणि कुणी कितीही सांगो रॉकेल-पेट्रोल लावायचं नाही. डॉक्टरांना वजन सांगून गोचीडाची गोळी वेळेवर द्या. टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप, ती चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, म्हणजे आउटिंग विसरूनही गेलेले असता तेव्हा. जेवण सोडलं, सुस्त पडला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं की त्याच दिवशी रक्त तपासा, प्लेटलेट किती आहेत बघा. वेळेत कळलं तर औषध आहे. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

गाडीत हार्नेसला सीटबेल्ट, घाट असेल तर आधी तीन-चार तास पोट रिकामं. ट्रेनने जायचं असेल तर फर्स्ट एसीची पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, टू टियर-थ्री टियरमध्ये कुत्रा चालत नाही. पेटीत मी माझ्या कुत्र्यांना कधीही पाठवणार नाही.

आणि दिवाळी. कोजागरीला गच्चीवर बसाल तेव्हा मसाला दूध त्यांना देऊ नका, जायफळ कुत्र्यांना चालत नाही, आणि फराळातले बेदाणे-मनुके तर किडनीवर जातात, एखादा लाडू पाहुण्यांच्या हातून पडला तरी उचला. आवाजाला घाबरत असतील तर वसुबारस ते भाऊबीज शहराबाहेर राहायचं बुकिंग आत्ताच करा, आणि करताना गावात फटाके किती वाजतात हे घरमालकाला स्पष्ट विचारा, वस्तीपासून लांबचं घर घ्या. भीतीचं औषध लागणार असेल तर डॉक्टरांकडून घेऊन आधी एका शांत दिवशी देऊन बघा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिल्यांदा नको. इंडीचं वय आणि ती फटाक्यांना कशी वागते ते लिहा, मग भोरकडे घर कसं बघायचं ते नीट सांगते.