सूत्रधार म्हणजे सुतार, सांगणारा नव्हे

प्रश्न असा आहे : एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स' या इंग्रजी कादंबरीबद्दल मराठीत लिहिताना, तिच्यातली बहुतेक गोष्ट सांगणाऱ्या नेली डीन या घर सांभाळणाऱ्या बाईला 'कथेची सूत्रधार' म्हणावं की 'निवेदिका'? आणि कादंबरीचा नायक हीथक्लिफ याच्या बाबतीत 'पात्रचित्रण' लिहावं की 'व्यक्तिचित्रण'?

निवेदिका. तिच्याकडून गोष्ट ऐकून आपल्याला सांगणारा भाडेकरू लॉकवुड हा निवेदक. पण एवढ्यावर थांबवत नाही, कारण 'सूत्रधार' हा शब्द हल्ली ज्याच्या-त्याच्या गळ्यात बांधला जातो. वाहिनीवरच्या चर्चेत प्रश्न विचारणारा सूत्रधार, दरोड्यामागचा मुख्य सूत्रधार, आणि आता कादंबरीत 'मी' म्हणून बोलणारं कुणीही सूत्रधार! 'निवेदक' म्हटलं की गणेशोत्सवात माइकवर 'यानंतरचं गीत सादर करीत आहेत' म्हणणारा डोळ्यांपुढे येतो, म्हणून समीक्षक तो शब्द टाळत असावेत.

संस्कृत नाटकातला सूत्रधार नटीशी चार शब्द बोलतो, नाटकाचं नि नाटककाराचं नाव सांगतो आणि प्रस्तावना संपली की निघून जातो. गोष्ट सांगणं हे त्याचं कामच नाही. यावर विष्णुदास भाव्यांचा दाखला ठरलेला. १८४३ सालच्या 'सीतास्वयंवरा'पासून त्यांच्या खेळांत सूत्रधार रंगमंचावर राहून पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा. मान्य. पण तो कथेच्या बाहेर उभा होता. सीतेला त्याने कडेवर खेळवलेलं नव्हतं. नेलीने अर्नशॉ घराण्यातल्या बिनआईच्या हेअरटनला आपल्या हातांनी वाढवलंय.

आता 'सूत्र'. नाटकाचा धागा, कथासूत्र वगैरे पाठ्यपुस्तकी अर्थ सोडून देतो. रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० साली या शब्दातली दोरी कळसूत्री बाहुल्यांची ठरवली, आणि संस्कृत नाटकाचा उगमच बाहुल्यांच्या खेळात आहे असं मांडलं. कीथ या संस्कृतच्या ब्रिटिश अभ्यासकाने ते खोडून काढलं, तरी आपल्याकडचे हौशी लेखक अजून तेच उगाळतात, कारण बाहुल्या नाचवणारा अदृश्य हात म्हटलं की लेखाला वजन येतं. यातल्या किती जणांनी नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडलाय? तिथे नाट्यगृहाची जागा आखायला पुष्य नक्षत्रावर पांढरी दोरी पसरायला सांगितली आहे. ती कापसाची, बल्बज नाहीतर मुंज या गवताची नाहीतर झाडाच्या सालीची चालते, पण तुटणारी नको. अर्ध्यावर तुटली तर धन्याचं मरण, तिसऱ्या भागावर तुटली तर राष्ट्रावर कोप, चौथ्या भागावर तुटली तर प्रयोग करणाराचा नाश, आणि नुसती हातातून निसटली तरी काहीतरी हानी ठरलेली. माझ्या मते सूत्रधाराच्या हातातली दोरी ती ही. राणा कुंभाच्या पदरी असलेला मंडन 'सूत्रधार मंडन' म्हणूनच ओळखला जातो. तो नाटकवाला नव्हता, वास्तुशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा स्थपती होता. बंगालात 'सूत्रधर' म्हणजे आजही सुतार.

आपला सुतारही तोच. काही जण त्याची व्युत्पत्ती 'सूत्रकार'पासून देतात, कारण म्हणे 'ध' कुठे दिसत नाही. गुजरातीत दिसतो की! तिथे 'सुथार' आहे, आणि त्यातला हकार 'सूत्रकारा'तून येईलच कसा? सूत्रधार, सुत्तहार, सुथार. मग मराठीत 'सुतार' का? गुजराती 'हाथ' मराठीत 'हात' होतो, त्याच न्यायाने. हे उदाहरण रोज जेवताना समोर असतं, तरी या मंडळींना सुचत नाही.

तर 'वुदरिंग हाइट्स'चा सूत्रधार कोण? दोरी टाकून जागा आखणारी एमिली ब्राँटे, दुसरं कुणी नाही. सँगर नावाच्या वकिलाने १९२६ साली हे दाखवून दिलं. अर्नशॉ आणि लिंटन या दोन घराण्यांत प्रत्येकी एक मुलगा, एक मुलगी. वंशवृक्ष काढला तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. तारखा सुट्या सुट्या विखुरलेल्या आहेत, पण जुळवत गेलं की जुळतात. गहाण आणि वारसा यांचे कायदेही चोख. १८४७ साली जे पुस्तक बऱ्याच परीक्षकांना रानटी वाटलं, त्याचा आराखडा असा ओळंब्यात आहे.

नेलीच्या हातातही सूत असतंच म्हणा. चौथ्या प्रकरणात ती लॉकवुडला म्हणते की थांबा, शिवण घेऊन येते. आणि तुम्हाला सर्दी झालीय, पेज प्यायला हवी. 'निवेदन' हा शब्द इथे चपखल बसतो. निवेदन खालच्याने वरच्याला करायचं असतं. नैवेद्यही त्याच धातूचा, म्हणजे समोर ठेवायची वस्तू. घर सांभाळणारी बाई आजारी भाडेकरूपुढे एकदमच पेज आणि हकिगत ठेवते. पण ठेवणाऱ्याने ताटात काय वाढलं नि काय मागे ठेवलं, हे लॉकवुडला कळायला मार्ग नाही. आणि त्याची नजर कसली? दुसऱ्याच प्रकरणात तो मेलेल्या सशांच्या ढिगाला मांजरं समजतो, आणि कॅथरिन अर्नशॉच्या मुलीला, धाकट्या कॅथीला, आधी हीथक्लिफची बायको ठरवतो, मग हेअरटनची. हीथक्लिफ आपल्यापर्यंत पोचतो तो या दोघांच्या हातून. लहानपणी तो त्या घरात आला तेव्हा नेली त्याला मुलगासुद्धा म्हणत नाही, नपुंसकलिंगी 'ते' म्हणते, आणि सकाळपर्यंत ते निघून गेलेलं असावं या आशेने जिन्याच्या वळणावर ठेवते. पुढचं सगळं चित्र रंगवणारा हात हाच.

शार्लट ब्राँटेने १८५० च्या आवृत्तीत नेलीला खऱ्या सद्भावाचा नि घरगुती निष्ठेचा नमुना म्हटलं. जेम्स हॅफ्ली या समीक्षकाने १९५८ साली थेट उलट टोक गाठलं : कादंबरीतली खलनायिका नेलीच. मी हॅफ्लीइतका पुढे जाणार नाही, पण शार्लटचं म्हणणं बहिणीच्या पुस्तकाची काळजी घेणाऱ्या थोरल्या बहिणीचं आहे. नववं प्रकरण काढून बघा. हीथक्लिफशी लग्न केलं तर आपली पायरी उतरेल, असं त्याच्याबरोबर लहानाची मोठी झालेली कॅथरिन नेलीला म्हणते. बाकावर बसून ऐकत असलेला हीथक्लिफ तेवढं ऐकून उठून जातो. कॅथरिनला तो दिसत नाही, नेलीला दिसतो, आणि नेली त्या क्षणी तिला सांगत नाही. 'मीच हीथक्लिफ आहे' हे वाक्य त्यानंतरचं. ते ऐकायला तो तिथे नाही. म्हणजे गंमत अशी, की नाटकातल्या अर्थाने नेली सूत्रधार मुळीच नाही. पण दरोड्याच्या बातमीतल्या अर्थाने कुणी तिला मुख्य सूत्रधार म्हटलं तर मला फारसं भांडता येणार नाही.

पात्रचित्रण की व्यक्तिचित्रण, हे राहिलंच. पात्रचित्रण. व्यक्तिचित्रण खऱ्याखुऱ्या माणसाचं करतात, आणि हीथक्लिफ कुणी खराखुरा माणूस नाही.