फेयेर, जॅक्सन, क्रिस्टोफेल–डार्बू हे बहुपदी कर्नल डेटाच्या कामात खरंच कुणी वापरतं का?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी.ला शिकलेले हे कर्नल (बहुपदींपासून बनवलेली दोन बिंदूंची फलनं) डेटा अॅनालिसिस आणि ऑप्टिमायझेशनमध्ये कामाला येतात, की परीक्षेपुरतेच असतात. येतात. क्रिस्टोफेल–डार्बू मी स्वतः कारखान्यात चालवलाय आणि त्यावरून वरिष्ठांशी वादही घातलाय. एसव्हीएम या वर्गीकरणाच्या पद्धतीतला पॉलिनॉमियल कर्नल तो हा नव्हे. तो डेटा न बघता आधीच ठरलेला असतो, हा डेटातूनच तयार होतो.

चाकणजवळच्या एका कारखान्यात स्क्रू कॉम्प्रेसरवर लक्ष ठेवायचं काम आमच्या टीमकडे होतं. दोनच सेन्सर होते, हवेचा दाब आणि मोटरचा करंट. कॉम्प्रेसर लोडवर असला की करंट वर, अनलोडला गेला की बराच खाली. आलेख काढला की दोन वेगळी बेटं दिसतात आणि मधली जागा रिकामी. इनटेक व्हॉल्व्ह अर्धवट अडकला तर करंट नेमका त्या रिकाम्या जागेत येतो. दाब मर्यादेत, करंट मर्यादेत, त्यामुळे अलार्म वाजत नाही.

तिथे आधी महालनोबिस अंतर, म्हणजे डेटाचा पसरटपणा धरून मोजलेलं अंतर, लावलेलं होतं. प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या १९३६च्या कल्पनेबद्दल मला नितांत आदर आहे, पण ते अंतर सरासरीपासून मोजतात आणि इथे सरासरीच मुळात दोन बेटांच्या मधे पडते. म्हणजे जो बिंदू सगळ्यांत संशयास्पद, त्यालाच ‘सगळ्यांत नॉर्मल’चा शिक्का! महालनोबिस अंतर म्हणजे क्रिस्टोफेल–डार्बूचाच डिग्री १चा (बहुपदीतला सर्वांत मोठा घात १) प्रकार. मी डिग्री ४ केली.

कृती छोटी आहे. दोन चलांच्या डिग्री ४ पर्यंतच्या एकपदी १५ होतात. त्यांच्या जोडीजोडीच्या गुणाकारांची डेटावरची सरासरी घेतली की १५ × १५ची मोमेंट मॅट्रिक्स मिळते. तिचा इन्व्हर्स काढायचा आणि नव्या बिंदूच्या १५ किमती त्याला दोन्ही बाजूंनी लावायच्या, की स्कोअर हातात. डेटा कुठलाही घ्या, त्याच डेटावर या स्कोअरची सरासरी बरोबर १५ येते. ट्रेसवरून (मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज) दोन ओळींत सिद्ध होतं. त्यामुळे १५०च्या वर दहा टक्क्यांहून जास्त बिंदू जाऊच शकत नाहीत, थ्रेशोल्ड, म्हणजे संशयाची सीमारेषा, हवेतून आणावा लागत नाही. बेटांवरचे बिंदू पंधराच्या आगेमागे राहिले, मधले काही थेट हजारांत गेले. फिटरने व्हॉल्व्ह उघडला तर आत तेलाचा चिकट थर बसलेला.

आमच्या वरिष्ठ सरांचं म्हणणं, हे एकोणिसाव्या शतकातलं गणित आहे, क्लायंटपुढे ऑटोएन्कोडर (डेटा दाबून पुन्हा उभा करायला शिकणारं न्यूरल नेटवर्क) ठेवा. क्रिस्टोफेल १८५८, डार्बू १८७८, खरं आहे. पण लासेर आणि पोवेल्स यांनी आउटलायर (इतरांपासून वेगळे पडलेले बिंदू) शोधायला हीच कल्पना २०१६मध्ये मांडली, आणि पुतिनार यांच्यासह त्यांचं यावरचं अख्खं पुस्तक २०२२मध्ये केंब्रिजने काढलं. डिग्री वाढवत नेली की डेटाच्या वस्तीत स्कोअर बहुपदीच्या वेगाने वाढतो आणि वस्तीबाहेर घातांकी वेगाने, हे सिद्ध झालेलं आहे. ऑटोएन्कोडरचा थ्रेशोल्ड मात्र सरांनी आलेखाकडे बघून ठरवला होता. शिवाय माझा कोड पॅनलमधल्या साध्या पीसीवर चालत होता आणि नवा बिंदू आला की शर्मन–मॉरिसन सूत्राने इन्व्हर्स तिथल्या तिथे अपडेट व्हायचा. प्रेझेंटेशन अर्थात ऑटोएन्कोडरचंच झालं.

ऑप्टिमायझेशनबद्दल थोडक्यात. लासेर यांची २००१ची पद्धत बहुपदीचं मिनिमम शोधायला चढत्या पायऱ्यांचे सेमीडेफिनिट प्रोग्रॅम (मॅट्रिक्सवर अट घातलेली, संगणकाने सुटणारी गणितं) सोडवते. प्रत्येक पायरीला उत्तर किती जवळ येतं, हे सिद्ध करताना बहुपदी कर्नल लागतात. फँग आणि फौझी यांनी २०२१मध्ये गोलाच्या पृष्ठभागासाठी दाखवलं की चूक पायरीच्या क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे तिथे कर्नल कोडपेक्षा सिद्धतेत जास्त राबतो. जॅक्सन कर्नल मात्र कोडमध्येही भेटतो, मोठ्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंची घनता काढताना चेबिशेव मालिकेतली गिब्सची लाट (मालिका मधेच तोडल्यामुळे येणारे खोटे चढउतार) दाबायला.

आता जपून राहायच्या गोष्टी. साध्या घातांवर मोमेंट मॅट्रिक्स बांधू नका. ० ते १ मधल्या एकसारख्या पसरलेल्या डेटावर ती हिल्बर्ट मॅट्रिक्सच्या जवळ जाते आणि १० × १०लाच कंडिशन नंबर (आकडेमोडीतली बारीक चूक किती पट फुगू शकते याचं माप) १०च्या १३व्या घातावर पोचतो. डेटा −१ ते १ मध्ये आणा, चेबिशेव बहुपदी वापरा. चल वाढले की डिग्री ४ परवडत नाही. २० सेन्सरना १०,६२६ एकपदी होतात आणि बिंदू त्याहून कमी असले तर इन्व्हर्सच निघत नाही. अशा वेळी मशीनचं भौतिकशास्त्र बघून सेन्सरच्या जोड्या निवडा आणि एकेका जोडीवर हे चालवा. वीसच्या वीस एकत्रच हवे असतील तर ऑटोएन्कोडर लावा, माझी ना नाही. दोन-तीन सेन्सर असताना कुणी ‘जुनं गणित’ म्हणालं, तर त्यांचा थ्रेशोल्ड कुठून आला एवढं विचारा.