तुझा आकडा कुठे आहे?

प्रिय,

यादी मिळाली. धंद्याची सतरा पुस्तकं वाचून झाली, आता अठरावं कोणतं घेऊ, असं विचारतेस. आणि अगदी खाली, जाता जाता सांगितल्यासारखी एक ओळ: लाकडी घाणा टाकायचा विचार आहे, पण धीर होत नाही. अगं, पत्राचा विषय तर तो आहे!

मी पुस्तकांच्या विरोधात आहे असं काही जण म्हणतात. म्हणोत. माझं म्हणणं एवढंच की आपल्या धंद्यातला आकडा हातात नसताना धंद्याचं पुस्तक उघडलं, तर वाचताना बरं वाटतं आणि मिटल्यावर काही उरत नाही. तू मला ब्रँडची गोष्ट, ग्राहकाची गरज, दहा वर्षांचं स्वप्न, सगळं लिहून पाठवलंस. एक लिटर शेंगदाणा तेलाला किती दाणे लागतात, ते पानभर पत्रात कुठेही नाही. तुझा आकडा कुठे आहे?

चल, आज आपणच मांडू. भाव मी अंदाजाने धरतोय, तू तुझ्या बाजारातले घालून पुन्हा कर.

लाकडी घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे धर. दाणा 130 रुपये किलो, म्हणजे 325 रुपये. लिटरभर तेलाचं वजन सुमारे 910 ग्रॅम. ते वजा जाता पेंड उरते दीड किलोच्या आसपास. 40 रुपये किलोने तिचे 60 रुपये सुटले, तर दाण्याचा निव्वळ खर्च 265. वीज 5, बाटली-झाकण-लेबल 20. झाले 290. आता महिन्याचा ठरलेला खर्च: जागेचं भाडं 12,000, एक माणूस 15,000, बँकेचा हप्ता 15,000. एकूण 42,000, तेल विको न विको.

विक्री 400 रुपये लिटर. घरपोच देताना पोचवणावळ 20 गेली, तर लिटरमागे 90 सुटतात. 42,000 भागिले 90, म्हणजे 467 लिटरला खर्च निघतो. आता तेच तेल दुकानात ठेव. दुकानदार 20 टक्के मागेल, तुझ्या हातात 320, सुटतात फक्त 30. खर्च निघायला 1,400 लिटर लागतील. आणि तुझा घाणा? एका घाणीत 15 किलो दाणे, तासाला एक घाणी, दिवसाचे आठ तास, महिन्याचे 25 दिवस, एकदाही बंद पडला नाही असं धरलं तरी 1,200 लिटर. म्हणजे सगळा माल दुकानांतून विकायचा ठरवलास तर घाणा अखंड फिरूनही महिन्याला 6,000 रुपयांचा तोटा. तू कितीही मेहनत कर, कितीही जिद्द ठेव. हे तुझ्या सतरांपैकी एकाही पुस्तकात नाही. असणारही नाही, कारण त्या लेखकांनी तुझ्या गावचा दाण्याचा भाव विचारलेला नाही.

यात जीएसटी धरलेला नाही, वाळवणातली घट नाही, गळणारी बाटली नाही आणि तुझा स्वतःचा पगार नाही. तो शेवटचा आकडा मुली हमखास विसरतात, आणि घरच्यांना ते फार सोयीचं जातं.

आता पुस्तक उघड. कारण आता विचारायला काहीतरी आहे. घरटी महिन्याला तीन लिटर तेल लागतं असं धरलं, तर 467 लिटर म्हणजे दीडशेच्या वर घरं, दर महिन्याला न चुकता घेणारी. तुझा धंदा म्हणजे ही दीडशे-एकशेसाठ घरं. त्यातली दहा घरं दर महिन्याला सुटत असतील, तर नुसतं जागेवर राहायला दर महिन्याला दहा नवी शोधावी लागतील. गिऱ्हाईक टिकवण्यावरचं प्रकरण आता वाच, त्यातली ओळ न ओळ वेगळी दिसेल. सगळं पुस्तक वाचायची गरज नाही. अनुक्रमणिका बघ, तेवढं प्रकरण काढ, त्यातली एक गोष्ट पंधरा दिवसांत करून बघ आणि वहीत लिही: आधी किती घरं सुटत होती, नंतर किती. हा पहिला आकडा. फरक पडला नाही तर सल्ला तुझ्या कामाचा नाही, लेखक कितीही मोठा असो. हे केल्याशिवाय दुसऱ्या प्रकरणाला हात लावायचा नाही.

पुस्तकातल्या कंपन्यांची नावं वाचून भारावून जातेस, तेही जरा तपास. तुझ्या यादीत ‘गुड टू ग्रेट’ आहे. 2001 सालचं ते पुस्तक, अकरा कंपन्या निवडून त्या थोर कशा झाल्या हे सांगणारं. त्या अकरांतली सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची कंपनी नोव्हेंबर 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली, गृहकर्जांना पैसा पुरवणारी फॅनी मे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तक टाकाऊ आहे असं नाही. पण यशाची कारणं यश मिळाल्यावर शोधलेली असतात, आणि तेच सगळं करून बुडालेल्यांवर फारसं कोणी प्रकरण लिहीत नाही. म्हणून कंपनीचं नाव आलं की पुस्तक छापल्यानंतर तिचं काय झालं, ते आधी बघायचं.

आपल्याकडच्या चरित्रांचंही तसंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं की सगळ्यांना जिद्द आठवते. मला आठवतं ते वेगळंच. लोखंडी नांगराने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि त्यांचा नांगर खपेना. गिऱ्हाईक नक्की कशाला नाही म्हणतंय, हे शेतकऱ्याच्या तोंडूनच कळणार होतं. तुझंही गिऱ्हाईक नाही म्हणणार आहे: तळताना फेस येतो, वास उग्र आहे, बाटलीच्या तळाशी गाळ बसलाय. यातला गाळ तुझ्या हातात आहे. तेल दोन-तीन दिवस न हलवता निवळू दिलं, वरचंच काढून फडक्यातून गाळलं, तर ती तक्रार कमी होते. दिवाळीची ऑर्डर आली म्हणून घाईने भरलंस की परत आलीच. किती बाटल्या परत आल्या आणि कशासाठी, हा दुसरा आकडा. वहीत हवा.

तिसरा आकडा उधारीचा, आणि इथे माझा आवाज चढतो. परदेशी पुस्तकांत उधारी दिसते ती ताळेबंदातल्या एका ओळीत. आपल्याकडे ती दुकानदाराच्या ‘बघू पुढच्या फेरीला’मध्ये असते. समज, महिन्याचे 1,200 लिटर 320 रुपयांनी दुकानांत गेले: 3 लाख 84 हजार. पैसे पंचेचाळीस दिवसांनी येत असतील तर कोणत्याही दिवशी तुझे पावणेसहा लाख लोकांच्या गल्ल्यात अडकलेले. आणि इकडे दर महिन्याला तीन टन दाण्याचे 3 लाख 90 हजार तुला उभे करायचे आहेत. धंदे नुसते तोट्याने बुडत नाहीत, असे कोरडे पडूनही बुडतात, कागदावर नफा असताना.

कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या व्याजदराच्या, म्हणजे बँक रेटच्या, तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंद, पहिल्या दिवशी कर. ती फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला हाकलून दे. पण कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला तू नोटीस धाडलीस तर गिऱ्हाईक गेलं, हेही लक्षात ठेव. कायदा मोठ्या खरेदीदारासाठी राखून ठेव, छोट्याला सुरुवातीलाच मर्यादा घाल: मागच्या फेरीचे पैसे आले की पुढचा माल.

अठरावं पुस्तक विचारलंस ना? त्याऐवजी हे वाच. कंपन्या शेअर बाजारात येण्याआधी सेबीकडे, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, स्वतःच्या माहितीचा जो मसुदा देतात, तो सेबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. खाद्यतेल किंवा फरसाण बनवणारी एखादी कंपनी शोध. शेकडो पानं असतात, घाबरू नकोस. जोखमीचं प्रकरण आणि आर्थिक पत्रकं एवढंच वाच. उधारी किती दिवसांची, कच्च्या मालावर किती खर्च, किती मोजक्या गिऱ्हाइकांवर सगळा डोलारा. तिथे लपवाछपवी केली तर कायद्याने अंगाशी येतं, म्हणून आत्मचरित्रात जे दिसत नाही ते तिथे दिसतं. मग खादी ग्रामोद्योग आयोगाचे नमुना प्रकल्प अहवाल बघ. ते बँकेसाठी ठीक, तुझ्यासाठी अर्धवट. पहिल्या वर्षापासून घाणा क्षमतेच्या सत्तर टक्के चालेल असं कोणी लिहून दिलं असेल, तर तिथे तीस घाल आणि हप्ता निघतो का बघ. आणि हिशेबाचं एखादं साधं पाठ्यपुस्तक घे, अकरावी-बारावी वाणिज्यचं चालेल. तुझ्या यादीत ते नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

धीर होत नाही म्हणतेस. धीर पुस्तकातून येतो असं तुला वाटतं, म्हणून ढीग वाढतोय. तुला भीती वाटते ती बरोबरच आहे, आकडा माहीत नसणाऱ्याने घाबरायलाच हवं. मी कठोर बोलतोय, बोलू दे. दोन महिने घाणा विकत न घेता दुसऱ्याच्या घाण्यावर दाणे दे, मजुरी भरून तेल काढून आण, तीस घरांना वीक. दुसऱ्या महिन्यात त्यातल्या किती घरांनी आपणहून पुन्हा मागितलं, तेवढं मला कळव. वीसच्या वर असतील तर बँकेत बरोबर जाऊ. दहाच्या आत असतील तर तुझे हप्ते वाचले.

तुझा,
काका

ता. क. विकण्याआधी अन्न सुरक्षा नोंदणी हवी. खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे, त्यामुळे कोणी किटली घेऊन आलं तरी भरून देऊ नकोस. बाटली, लेबल, वर महिना-वर्ष आणि एमआरपी. दाणे घेताना पोत्याच्या तळातून मूठभर काढून बघ, वरचे नेहमीच चांगले असतात. ओलसर किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर भाव कितीही उतरवला तरी घ्यायचे नाहीत. आणि पावसाळ्यात पेंड साठवू नकोस, तिलाही बुरशी धरते. ती घेणारे दोन गोठेवाले आत्ताच ठरवून ठेव, नाहीतर वरच्या हिशेबातले 60 रुपये खोडून टाक आणि सगळं पुन्हा मांड.