मोरपीस घरीच ठेव

अगं,

तुझी बॅगेतल्या सामानाची यादी वाचली. जानेवारीत बहिणीकडे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला जायचं आणि त्यातले चार दिवस नदीवर ट्राउट मासे पकडण्यात काढायचे, हा बेत छान आहे. पण फ्लाय, म्हणजे माशाला फसवायला गळावर बांधायचे खोटे किडे, बनवायला घेतलेली बॅगेतली पिसं आधी बाहेर काढ. मोरपीस गावच्या शेतात आपसूक गळलेलं असलं, तरी ते देशाबाहेर नेता येत नाही, त्याच्या निर्यातीला बंदी आहे. आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेच्या ठिपकेदार पिसांवर जगभरचे फ्लाय बांधणारे जीव टाकतात, पण तो पक्षीही वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. कुणी ‘घे गं, दोन-चारच आहेत’ म्हणालं तरी घेऊ नकोस.

न्यूझीलंडला उतरलीस की विमानतळावरच्या घोषणापत्रात मासेमारीचं वापरलेलं सामान, लोकर, केस, सगळं लिही. लिहिलं तर फार तर तपासतील. दडवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. हिमाचलातल्या तीर्थन नदीत घातलेले तुझे बूट इथूनच ब्रशने घासून, कडक उन्हात वाळवून ने. तळाला फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखं जाड कापड, असेल तर नेऊच नकोस. २००४ मध्ये साउथलंडच्या वायाउ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, ते ओल्या फेल्टमधून दुसऱ्या नदीत जाऊ शकतं, म्हणून २००८ पासून तिथे फेल्टच्या तळव्यांना बंदी आहे. रबरी तळव्याचे बूट घे. एका नदीतून दुसरीत जाताना तिथे सामान तपासून, धुऊन, वाळवावं लागतं. म्हणून एका दिवसात दोन नद्या असा बेत आखू नकोस, ओले बूट घेऊन बसशील.

आता बांधणीचं. व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा), कात्री, बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं हत्यार), गळ चेक-इनच्या बॅगेत. इथून फोमचे तुकडे, रबरी पाय, दोरा आणि बारीक तांब्याची तार ने, बाकी तिथे घे. फेझंट या पक्ष्याच्या शेपटीची पिसं आणि सशाची लव तिथल्या दुकानात मिळते. इंग्लंडच्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर फेझंट टेल निम्फ ही पाण्यातल्या अळीसारखी दिसणारी फ्लाय दोऱ्याशिवाय बांधायचा. त्याच तांब्याच्या तारेने वजनही यायचं आणि पिसंही आवळली जायची. प्रवासाला यापेक्षा सुटसुटीत फ्लाय मला माहीत नाही. १४ आणि १६ नंबरच्या गळावर थोड्या बांध, तिथल्या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्यांच्या जागी चालतात.

जानेवारीचा खरा मान मात्र सिकाडाचा, म्हणजे झाडावर किरकिरणाऱ्या मोठ्या किड्याचा. ८ किंवा १० नंबरचा गळ घे, गळाच्या दांड्यावर दोरा दाट गुंडाळ, म्हणजे फोम गोल फिरणार नाही. हिरव्या-तपकिरी फोमची पट्टी पुढे, मागे आणि मध्ये अशी तीन जागी आवळ, मधल्या गाठीत रबरी पाय अडकव. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, अलगद टाकायची, असं मीच तुला शिकवलं. ही मात्र टप्पकन पडू दे, झाडावरून किडा पडावा तशी. मासा आवाजाकडे वळतो. घरून डबा भरून बांधून नेण्यापेक्षा पहिल्या दिवशी नदीकाठचे दगड उलटून बघ, गवत हलवून बघ आणि संध्याकाळी बहिणीच्या टेबलावर बांध. उजेड नऊपर्यंत असतो, घाई नाही.

मासेमारीचं लायसन्स फिश अँड गेम या तिथल्या संस्थेचं, ऑनलाइन मिळतं. परदेशी माणसाचा प्रकार निवड. काही निवडक नद्यांना वेगळा परवाना लागतो, तोही तेव्हाच बघून घे. तिथे ट्राउट विकत मिळत नाही, कारण विकणंच बेकायदा आहे. तेव्हा भावजींना रात्रीच्या जेवणाचं वचन देऊ नकोस.

एक पक्कं लक्षात ठेव: क्राइस्टचर्चला लख्ख ऊन असलं तरी वायव्येचा वारा सुटला की पश्चिमेच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि राकाया, वायमाकारीरी या नद्या गढूळ होऊन वाहू लागतात. अशा दिवसासाठी एखादा तलाव किंवा झऱ्याच्या पाण्यावरचा ओढा हाताशी ठेव. आणि तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. काठाने उत्तरेकडे चाललीस तर पाण्यावरची चमक डोळ्यांत येईल, पाठीत ऊन घेऊन चाल. आधी मासा दिसू दे, मग दोर सोड. पाण्यावर आधीच कुणी असेल तर त्याच्या वरच्या बाजूला शिरू नकोस, जाऊन विचार. लोक सांगतात.

नदीवरच्या चार दिवसांच्या तारखा बहिणीला आत्ताच कळव. तिने तुझ्यासाठी भटकंती ठरवून ठेवली असेल तर तुझी पंचाईत होईल. आणि सँडफ्लाय या चावऱ्या माश्यांसाठीचं मलम तिथेच घे, इथलं चालत नाही असा माझा अनुभव आहे.

तुझा,
काका