मायक्रोआरएनए कॅन्सर पसरवतात की रोखतात?

तुमचा प्रश्न असा आहे: एका लेखात वाचलं की मायक्रोआरएनए ट्यूमर दाबून ठेवतात, दुसऱ्यात वाचलं की तेच कॅन्सर पसरवतात. खरं काय? दाबत असतील तर त्यांचं औषध का नाही? आणि रक्तातून मायक्रोआरएनए तपासून कॅन्सर लवकर कळतो म्हणतात, ती तपासणी करून घ्यावी का?

पहिल्या भागाचं उत्तर: दोन्ही लेख बरोबर असू शकतात. कधीकधी तर एकाच मायक्रोआरएनएबद्दल दोन्ही खरं असतं.

मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतले आरएनएचे फार छोटे तुकडे, साधारण २२ जनुकीय अक्षरांचे. ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत. जनुकावरून प्रथिन बनताना मध्ये एमआरएनएची प्रत तयार होते, त्या प्रतीला हे चिकटतात आणि प्रथिन बनणं मंदावतं, किंवा ती प्रतच मोडीत निघते. जुळणी मुख्यतः सुरुवातीच्या सहा-सात अक्षरांवर ठरते, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावू शकतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत हा प्रकार शोधला, तेव्हा बहुतेकांनी ती त्या कृमीचीच खोड समजून सोडून दिली. नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

कॅन्सरशी पहिला पक्का धागा २००२ मध्ये जुळला. सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये अर्ध्याहून जास्त रुग्णांत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. तिथे ट्यूमर रोखणारं एखादं जनुक असणार, म्हणून बरीच वर्षं शोधाशोध चालली होती. सगळे प्रथिन बनवणारं जनुक शोधत होते. कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाला तिथे सापडले दोन मायक्रोआरएनए: मिर-१५ए आणि मिर-१६. पेशीला मरू न देणारं बीसीएल-२ हे प्रथिन ते आटोक्यात ठेवतात. ते गेले की बीसीएल-२ वाढतं आणि मरायला हव्या त्या पेशी साठत जातात. आज सीएलएलमध्ये दिलं जाणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध याच बीसीएल-२ ला अडवतं. मला स्वतःला हे उदाहरण सगळ्यात आवडतं, कारण इथे कारण आणि उपाय एका रेषेत येतात. एरवी असं क्वचितच होतं.

उलट बाजूला मिर-२१. तो पीटेनसारख्या, पेशींची वाढ आवरणाऱ्या प्रथिनांवरच घाला घालतो, आणि कितीतरी प्रकारच्या गाठींमध्ये तो वाढलेला आढळतो. म्हणजे मायक्रोआरएनए मुळात चांगला की वाईट हे ठरत नाही. तो त्या पेशीत कुणाचा आवाज बंद करतोय, त्यावर ते ठरतं.

आता पसरण्याबद्दल. गाठीतली पेशी दुसऱ्या अवयवात जायची तर आधी तिला शेजारणींना सोडावं लागतं. त्यांना एकमेकींशी धरून ठेवतं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. झेब-१ आणि झेब-२ ही प्रथिनं त्याचं जनुक बंद करतात आणि मिर-२०० हे मायक्रोआरएनएचं कुटुंब या झेबना दाबून ठेवतं. झेबही गप्प बसत नाहीत, ते मिर-२०० ची जनुकं बंद करतात. दोघांत जो वरचढ ठरेल तशी पेशी जागेवर राहते किंवा सुटी होऊन सरकायला लागते. २००८ मध्ये हे समोर आलं, तेव्हा मिर-२०० म्हणजे पसरणं रोखणारा अशी सरळ नोंद झाली.

पण पेशी सुटली म्हणजे काम झालं असं नाही. रक्तातून जाऊन फुप्फुसात उतरल्यावर तिला पुन्हा चिकटून, वस्ती करून वाढायचं असतं. २०११ मध्ये उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरवर झालेल्या कामात दिसलं की हा दुसरा टप्पा मिर-२०० जास्त असलेल्या पेशींना अधिक जमतो. सुटण्याला विरोध, स्थिरावण्याला मदत. तुमच्या दोन लेखांनी बहुधा असेच वेगवेगळे टप्पे किंवा वेगवेगळे कॅन्सर पाहिले असतील.

औषधाचा प्रयत्न झालाय. मिर-३४ए हा पी-५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रथिनाच्या हुकमावर बनणारा, ट्यूमर दाबणारा मायक्रोआरएनए. त्याची कृत्रिम प्रत चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून एमआरएक्स-३४ नावाने २०१३ पासून रुग्णांना देऊन पाहिली. मोजक्या काही जणांच्या गाठी आकसल्याही. पण प्रतिकारशक्ती भडकून गंभीर त्रास झाले, चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. बाहेरून आरएनए घातलं की शरीर त्याला विषाणू समजण्याची शक्यता असतेच. शिवाय ते नेमकं गाठीपर्यंत पोचवणं ही वेगळीच डोकेदुखी.

रक्ततपासणीचं म्हणाल तर, सरसकट ‘सगळे कॅन्सर पकडतो’ अशा पॅकेजवर मी पैसे घालणार नाही. रक्त घेताना सुई नीट बसली नाही, ट्यूब जोरात हलवली, किंवा प्लाझ्मा वेगळा करण्यासाठी नमुना यंत्रात उशिरा फिरवला की तांबड्या पेशी फुटतात. पिवळसर प्लाझ्मा किंचित गुलाबी दिसतो, आणि कधी डोळ्यांना कळतही नाही. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात, ते बाहेर आले की आकडे चढतात. तो चढ कॅन्सरचा नसून सुईचा असतो.

खरोखर जमत आलेली तपासणी वृषणाच्या कॅन्सरची. तिथे मिर-३७१ए हा रक्तात वाढतो, गाठ काढल्यावर झपाट्याने उतरतो आणि रक्तातल्या जुन्या मार्करपेक्षा (कॅन्सरची खूण सांगणाऱ्या घटकांपेक्षा) जास्त रुग्णांत सापडतो. मात्र टेराटोमा या प्रकारात तोही दिसत नाही, म्हणून तिथे अजून सीटी स्कॅनवरच भिस्त ठेवावी लागते.